वाय-फाय कार्ड सापडले नाही

हे गेल्यानंतर त्यांचा लॅपटॉप मी वापरायला लागले. त्याआधी मी त्याला फारसा हात लावलेला नव्हता. दादरच्या एका वाचनालयात माझी नोकरी झाली, तिथे शेवटी शेवटी कॉम्प्युटर आले होते, त्यामुळे भीती अशी नव्हती. पण घरातलं ते यंत्र त्यांचं. परळला भोईवाड्यात आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, समोर हे, बनियनवर, चष्मा कपाळावर चढवलेला. आतल्या खोलीत मी, ओट्यापाशी. मधलं दार कधी लावलं नाही. आमचा निम्मा संसार त्या दारातून बोलून झाला.

हे टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते. सासरे गिरणीत, मूळ गाव मालवणच्या बाजूचं. निवृत्त झाल्यावर ह्यांच्या बरोबरीची माणसं कोणी भजनाला लागली, कोणी सकाळी मैदानावर फेऱ्या मारू लागली. ह्यांनी लिनक्स धरलं. मला ते काय आहे ते त्यांनीच समजावलं होतं: कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टिम, पण कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या फावल्या वेळात ती घडवतात आणि कुणालाही वापरायला देतात. त्यातलं सगळं लिखाण, म्हणजे बटणांवरचे शब्द, सूचना, काही अडलं की पडद्यावर येणारे निरोप, त्या त्या भाषेतल्या माणसांनीच आपल्या भाषेत आणायचं. मराठीत आणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हे त्यांतले एक झाले.

आणि मग सुरू झाली भांडणं. ह्यांना इंग्रजी कळायचं, यंत्र तर पोटातून कळायचं, पण लिहायला बसले की मराठी एक तर सरकारी व्हायचं नाहीतर थेट मालवणी. म्हणून मी.

"ऐकलंस गो?" बाहेरून हाक यायची. "'नॉट फाउंड'ला काय लिहू?"

"सापडलं नाही."

"'आढळले नाही' लिहू? जरा भारदस्त वाटतं."

मी हात पुसत दारात आले. "आढळतं ते न शोधता. रस्त्याने जाताना काहीतरी आढळतं. सापडायला आधी शोधावं लागतं. तुमचं यंत्र शोधतंय ना?"

"शोधतंय म्हणजे? जीव तोडून शोधतंय."

"मग 'सापडले नाही' लिहा."

"वाचनालयात पुस्तक मिळालं नाही की काय सांगायचीस?"

"'जागेवर नाही' म्हणून सांगायचे."

ह्याचं त्यांना फार हसू आलं. "म्हणजे पुस्तक आहे, पण कुठे आहे ते बाईंना माहीत नाही!" मग त्या दिवशीचं वाक्य ठरलं: 'वाय-फाय कार्ड सापडले नाही. कार्ड जोडलेले व चालू असल्याची खात्री करा.' शेवटी 'करून घ्या' हवं, असं माझं म्हणणं होतं. एवढं लांब मावत नाही म्हणाले.

ह्या भांडणात तिसरी एक बाई असायची, फोनवर. ठाकूरद्वारला राहणारी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, आमच्याहून बरीच लहान. तीही ह्याच कामातली. ती ह्यांना 'सर' म्हणायची, हे तिला 'बाई'. रविवारी सकाळी तिचा फोन आला की तास-दीड तास शब्दांची झोंबाझोंबी. 'वायरलेस'ला 'बिनतारी'च लिहायचं म्हणून हे हटून बसले होते. सगळं आयुष्य तारा जोडण्यात गेलेला माणूस, त्यांना त्या शब्दाचं अप्रूप वाटणारच. "सर, बिनतारी म्हटलं की पोलिसांचा संदेश वाटतो," असं ती म्हणाली आणि हे दोन दिवस तोंड पाडून बसले. मग आपणहून 'वाय-फाय' लिहून टाकलं.

त्यांचं जाणं अचानक झालं. सकाळी छातीत दुखलं, इस्पितळ हाकेच्या अंतरावर, तरी उपयोग झाला नाही. त्याबद्दल इथे एवढंच.

मग दुपारच्या वेळी मी त्या टेबलाशी बसू लागले. वर्तमानपत्रं वाचायची, बहिणीशी तोंड बघत बोलायचं, जुन्या गाण्यांचा रेडिओ लावायचा. खरं सांगायचं तर त्यातल्या कशासाठीही मला लॅपटॉप लागत नव्हता. मी तिथे बसायचे ते पडद्यावरच्या मजकुरासाठी. बंद करताना यंत्र विचारायचं, 'खरोखर बंद करायचे?' ते 'खरोखर' माझं होतं, त्यांनी आधी 'निश्चितपणे' लिहिलं होतं. एखादी फाईल पुसायला गेलं की 'ही कृती मागे घेता येणार नाही' असं यायचं. ते सगळं त्यांचं. घरातल्या घरात कोणीतरी आपल्याशी दोन शब्द बोलतंय, असं वाटायचं.

एका दुपारी निरोप आला की सुधारणा उपलब्ध आहेत, आता करायच्या की नंतर. मी नेहमी 'नंतर' दाबत असे. त्या दिवशी 'आता' दाबलं. यंत्र बराच वेळ गुंतलं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं. वरच्या कोपऱ्यातली वाय-फायची खूण गायब. मी सेटिंग उघडलं, तर तिथे ते वाक्य होतं.

वाय-फाय कार्ड सापडले नाही. कार्ड जोडलेले व चालू असल्याची खात्री करा.

ते वाक्य घडताना मी हजर होते, पण पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. मी ते वाचलं आणि मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे, कारण बाहेर ते बसायचे, आत मी असायचे. आता मीच बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून लालबागला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने उघडून पाहिलं आणि थक्कच झाला.

"अरे, हे सगळं मराठीत आहे! काकू, हे काय टाकलंय ह्याच्यात?"

मी सांगितलं.

"हे कोण वापरतं हो? टेन्शन घेऊ नका. सगळे वापरतात ती सिस्टिम टाकून देतो. संध्याकाळपर्यंत वाय-फाय चालू, माझी गॅरंटी."

"मग हे मराठी राहील?"

"त्यात पण मराठी येतं. टायपिंग-बिपिंग सगळं होतं."

"तसं नाही. हे आत्ता जे लिहिलेलं दिसतंय, ते राहील का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता. "ते कसं राहणार, काकू? आधीचं पुसल्याशिवाय नवं टाकता येत नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "विचार करा. घाई नाही."

मी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि चालत घरी आले.

पुढचे काही आठवडे फोनवर काढले. फोनवर सगळं होत होतं, तक्रार करायला जागा नव्हती. वर्तमानपत्र दिसत होतं, बहीण दिसत होती. फक्त दुपारी खिडकीशी बसायला काही कारण उरलं नव्हतं. मी जेवून आतल्या खोलीत आडवी व्हायचे आणि उठायचे ती दिवेलागणीलाच. एकदा बहीण म्हणाली, "तुझा आवाज असा का झालाय?" त्या दिवशी मी ठाकूरद्वारला फोन लावला. दिवसकार्याला ती आली होती तेव्हा 'काही लागलं तर सांगा' म्हणाली होती. तसं सगळेच म्हणतात, म्हणून मी कधी फोन केला नव्हता.

"वहिनी?" तिने लगेच ओळखलं. "बोला ना."

"लॅपटॉपचं वाय-फाय गेलंय."

"कुठला लॅपटॉप?" आणि मग एकदम, "सरांचा? तो अजून चालतो?"

"चालतो. रोज चालत होता."

मग मास्तरणीचा आवाज लागला. "समोर बसा. एक काळी खिडकी उघडायची आहे. मी सांगते तशी अक्षरं टाईप करा."

मी अक्षरं टाकली, एंटर दाबलं. ओळींवर ओळी आल्या, सगळ्या इंग्रजीत. तिने एकेक वाचायला लावली. एका ओळीवर म्हणाली, "थांबा. परत वाचा." मी वाचली.

"हेच कार्ड. म्हणजे आहे हो, जागेवर आहे. मोडलेलं नाही, निघालेलं नाही. त्याच्याशी बोलणारा दुवा तेवढा तुटलाय. रविवारी येते."

रविवारी ती आली. मी आंबोळ्या केल्या होत्या आणि काळ्या वाटाण्यांची आमटी. आधी खा म्हटलं तर नाही म्हणाली, आधी काम. माझा फोन वायरीने लॅपटॉपला जोडला आणि फोनचंच इंटरनेट त्याला पाजलं. मग काळ्या खिडकीत काय काय लिहीत राहिली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले.

"हे नेमकं काय झालंय, मला कळेल असं सांगाल?"

"सांगते की. बाकी सगळी सिस्टिम उघडी आहे, कुणीही आत डोकावून दुरुस्त करू शकतं. पण हे कार्ड बनवणाऱ्यांनी ते चालवायचं सॉफ्टवेअर उघडं केलेलं नाही. ते बंद डबा देतात. सिस्टिमचा आतला गाभा बदलला की तो डबा नव्या गाभ्यात नव्याने बसवून घ्यावा लागतो. तुम्ही सुधारणा केल्यात, गाभा बदलला, डबा बसवायचा राहिला."

"पण आधीही सुधारणा व्हायच्याच की. तेव्हा कधी बंद पडलं नाही."

"सर बसवायचे ना. दर वेळी." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "चार ओळींचं काम. तुम्ही चहा टाकून आणेपर्यंत त्यांचं झालेलं असायचं."

मी उठून आत गेले. चहा टाकायचा होताच. आधण उकळून वर आलं तरी मी तशीच उभी. किती वेळा मी त्या ओट्याशी उभी राहून 'हे नुसतं टकटक करत बसतात' असं मनात म्हटलं असेल! आणि त्यांना ते सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं. चहा घेऊन बाहेर गेले की म्हणायचे, "ठेव गो थयच." बस, एवढंच.

परत आले तर ती कपाळाला आठ्या घालून बसली होती. डबा बसत नव्हता. पडद्यावर तांबड्या अक्षरांची ओळ आली होती. "ही आवृत्तीच फार जुनी झाली, वहिनी. हिला आता कोणी बघत नाही." मग तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, सुरू होताना एक कळ दाबून धरली, तर एक यादी आली. त्यात आधीचा जुना गाभा अजून शिल्लक होता. तो निवडला, आणि कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

"ही तात्पुरती सोय," ती म्हणाली. आता मात्र जेवायला बसली होती. "दर वेळी सुरू करताना हा निवडत जा. पण हे फार दिवस चालायचं नाही. खरं म्हणजे नवीन आवृत्ती टाकायला हवी. तिच्यात डबा नीट बसेल."

"मग टाकू या की."

तिने आंबोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मराठी इतकं राहणार नाही, वहिनी. नव्या आवृत्तीत बरेच पडदे नव्याने केलेत, वाक्यं बदललीत. ती मराठीत कोणी आणलीच नाहीत. सरांनंतर काम जवळपास थांबलं."

"तुम्ही करत होतात ना?"

"मी पण थांबले." ती खाली बघून म्हणाली. "एकटीने शब्द ठरवायचा म्हणजे... रविवारी फोन कुणाला करणार? आणि मला तुम्ही म्हणू नका हो, बरं नाही वाटत."

मी थोडा वेळ मागून घेतला. रोज दुपारी जुना गाभा निवडायचा, बसायचं, वाचायचं. पण एकेक दार लागत चाललं. बँकेचं पान उघडेना, मग नेहमीचं वर्तमानपत्र उघडेना. हा ब्राउझर जुना आहे, एवढंच म्हणायचं. मी तरी रेटत होते. मग एकदा कपाटावरची धूळ काढताना ह्यांच्या सीडींची थप्पी हाती आली. जुन्या आवृत्त्यांच्या सीडी, मधल्या भोकातून सुतळी ओवलेली. आठवलं, ह्या आम्ही गच्चीत कुंड्यांवर टांगायचो, कबुतरं येऊ नयेत म्हणून. नवी आवृत्ती आली की हे त्याच दिवशी टाकायचे. जेवण निवलं तरी उठायचे नाहीत. जुनी मग कबुतरांसाठी. जुनं जपून ठेवणारा तो माणूसच नव्हता. जपत होते ती मी.

नवी टाकू या म्हणून मीच तिला फोन केला, आणि शनिवारी ती पुन्हा आली. ह्यांच्या सगळ्या फाईली आधी वेगळ्या डिस्कवर घेतल्या. मग नवीन आवृत्ती चढवली. डबा बसवायची वेळ आली तेव्हा तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही टाका. पुढच्या वेळी मी नसेन." ती सांगत गेली, मी एका बोटाने टाकत गेले. ओळी सरसर वर गेल्या, तांबडं काही आलं नाही. यंत्र पुन्हा सुरू केलं. वाय-फाय लागलं. केबलवाल्याने कपाटावर बसवलेल्या वाय-फायच्या डबीचं नाव यादीत दिसलं, पासवर्ड टाकला, वर्तमानपत्र उघडलं.

सगळं नीट होतं. आणि सेटिंगमध्ये गेले तर एक ओळ मराठी, दोन इंग्रजी, पुन्हा एक मराठी. कसर लागलेल्या पुस्तकासारखं.

"ते वाक्य बघायचंय मला," मी म्हटलं.

"कुठलं?"

"कार्ड सापडले नाही."

"वहिनी, आता कार्ड सापडलंय. ते वाक्य कशाला येईल?"

"थोडा वेळ बंद कर ना ते. बघून लगेच चालू करू."

मी पहिल्यांदा तिला एकेरीत बोलले, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं. तिने एक ओळ टाकली. खूण गेली. मी सेटिंग उघडलं. वाक्य आलं, ते इंग्रजीत.

मी पडद्याकडे बघत राहिले. वाय-फाय दुरुस्त झालं होतं, त्यासाठीच एवढी खटपट केली होती, आणि मला मात्र ते सगळं उलटं फिरवावंसं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी ती घाबरली.

"गेलं नाहीये ते," ती घाईघाईने म्हणाली. "थांबा, दाखवते."

तिने वाय-फाय परत चालू केलं, भाषांतराचं काम चालतं ती वेबसाइट उघडली, मराठीच्या विभागात गेली, शोधलं. तिथे ते होतं. फिकट करड्या अक्षरांत, 'तपासणी हवी' असा शिक्का मारलेलं. बाजूला ह्यांचं नाव.

"मूळ इंग्रजीत एक शब्द बदललाय. आधी 'कार्ड' होतं, आता 'ॲडॅप्टर' केलंय. मूळ बदललं की यंत्र जुनं भाषांतर वापरत नाही, पण पुसतही नाही. बाजूला ठेवून देतं. कोणीतरी वाचून, सुधारून, बरोबर आहे म्हटलं की पुन्हा येतं."

"कोणी म्हणायचं?"

"कोणीही. तुम्ही म्हणा."

"मी? पण मग वाक्य तसंच ठेवते. 'कार्ड'च बरं. माणसाला कार्ड कळतं."

"पण वहिनी, हल्ली बाहेरून लावायचे पण असतात, बोटाएवढे. त्यांना कार्ड कसं म्हणणार?"

"ॲडॅप्टर म्हटलं की मला चार्जर वाटतो."

"मला पण वाटतो. पण कार्ड चूक आहे."

आम्ही दोघी संध्याकाळ होईपर्यंत त्या एका शब्दावर बसलो. 'उपकरण' म्हटलं, 'साधन' म्हटलं. तिला कॉलेजातल्या मुलांना काय कळेल ते हवं होतं, मला बाजारात कुणी काय म्हणेल ते हवं होतं. शेवटी 'वाय-फाय उपकरण सापडले नाही' असं ठरलं. त्यांच्या वाक्यातला एक शब्द मी माझ्या हाताने काढला. दुसरं वाक्य वाचताना पाहिलं, आता जागा भरपूर होती. 'खात्री करून घ्या' लिहिलं. मान्य करा म्हणून बटण होतं, ते दाबलं. ती पिशवी उचलून निघाली तेव्हा दारातच म्हणाली, "उद्या फोन करू?" उद्या रविवार होता.

तेव्हापासून आम्ही करतो आहोत. शेकडो वाक्यं पडून आहेत. करड्या रंगातली त्यांची, आणि पूर्ण कोरी, नव्याने आलेली. त्यांची आधी घेतो. काही वाचून मी मनापासून चिडते. एका जागी त्यांनी 'ऑपरेशन'साठी 'प्रचालन' असा शब्द घातलाय. हा माझ्या नजरेतून कसा सुटला? तेव्हा मी बहुतेक बाजारात गेलेली असणार. मी तो काढते, आणि काढताना वाटतं की आता खरं म्हणजे ह्यांचा आरडाओरडा व्हायला हवा.

परवा वाय-फायच्याच पडद्यावरचा एक शब्द आला. एखाद्या ठिकाणचं नेटवर्क यंत्राने लक्षात ठेवलेलं असतं, ते नको असेल तर दाबायचं बटण. इंग्रजीत त्याला 'फरगेट' म्हणतात. पूर्वीच्या मराठीत ते नव्हतंच.

"'विसरा'," ती फोनवर म्हणाली. "सरळ आहे."

"नको. 'काढून टाका' बरं."

"का हो? यंत्राने ते नेटवर्क विसरायचंच आहे की."

"विसरा असं सांगून कोणी विसरत नाही," मी म्हटलं. "'काढून टाका' म्हटलं तर निदान काहीतरी करता येतं."

"बरं, 'काढून टाका'. पुढचं घ्या."

तिने समजून घेतलं होतं, त्यात तिचं काहीच चुकलं नाही. पण ह्यांनी इतक्या सहजासहजी सोडलं नसतं. "माका नको शिकवू," म्हणाले असते, कोश काढला असता, रात्रीच्या जेवणापर्यंत 'विसरा'वर अडून बसले असते, आणि कदाचित त्यांचंच बरोबर असतं. मी बराच वेळ मान्यतेच्या बटणावर बाण नेऊन ठेवला होता. दाबलं नाही. तो शब्द तसाच सोडून पुढच्या ओळीवर गेले.